अकेशिया या बाभूळवर्गीय झाडाच्या लागवडीसाठी माती तपासणी सेवा: माझा अनुभव

नुसता नत्र-स्फुरद-पालाश छापणाऱ्या अहवालांना मी कंटाळले होते. या सेवेने मातीतल्या सूक्ष्मजीवांच्या पेशींमधले कर्ब (कार्बन), नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरदही (फॉस्फरस) मोजून दिले. अणूंच्या हिशेबात हे प्रमाण सरासरी ६०:७:१ च्या आसपास असतं. माझ्या अकेशियाखाली नत्र भरपूर निघालं. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू ते हवेतून घेतात. अडलं होतं स्फुरदावर! उष्ण प्रदेशातल्या तांबड्या मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद घट्ट धरून ठेवतात, मग जिवाणूंची उपासमार होते. विद्राव्य खताचा भडिमार त्यांनी सुचवला नाही, हे फार आवडलं, कारण त्याने झाडाला स्फुरद मिळवून देणारी मुळांवरची मायकोरायझा बुरशी घटते. गांडुळांची मोजणी मात्र अहवालात नाही. ती हवीच. निलगिरीच्या प्लॉटसाठीही हीच सेवा घेणार आहे.