टॉवेलचा रंग जातो, हे आधी सांगायचं की तक्रार आल्यावर?

सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या कापडदुकानात गिऱ्हाईक टॉवेल हाताने चाचपतं, उजेडात धरतं, खोट दिसली तर भाव पाडून घेतं. तोच टॉवेल फोटोवरून घेणाऱ्याला खोट कळते ती पहिल्या धुण्यात. म्हणून आजवर घाऊक व्यापाऱ्याला माल देणाऱ्या आणि आता स्वतःच्या नावाने ऑनलाइन विकू पाहणाऱ्या सोलापुरी कारखानदाराला तीन मार्गांतला एक निवडावाच लागतो.

पहिला मार्ग म्हणजे गप्प राहायचं आणि ओरडेल त्याला बदलून द्यायचं. वरवर हा सगळ्यांत स्वस्त. पण नाराज गिऱ्हाइकांतले बरेचसे ओरडत नाहीत, पुढच्या वेळी दुसऱ्याचा माल घेतात. कुठला लॉट बिघडला हे मग रंगखात्यापर्यंत पोहोचतच नाही. शिवाय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणं हीसुद्धा दिशाभूल करणारी जाहिरात ठरते, आणि त्यासाठी 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

दुसरा, बोभाटा झाल्यावर कबुली. 2003 मध्ये महाराष्ट्रात कॅडबरीच्या चॉकलेटात अळ्या सापडल्या, तेव्हा कंपनीने आधी दुकानदारांच्या साठवणुकीकडे बोट दाखवलं. गाडी रुळावर आली ती पुढच्या वर्षी वेष्टनच बदलल्यावर. उशिरा बोलणाऱ्याला नुसते शब्द पुरत नाहीत, बदललेली वस्तू दाखवावी लागते. छोट्या कारखान्याला तो खर्च झेपणं कठीण.

तिसरा मार्ग, विकण्याआधी सांगणं. आमचा कौल याला, पण एका अटीवर: माल मुळात चांगला हवा. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांच्या 1966 च्या प्रयोगात हुशार माणसाच्या हातून कॉफी सांडली तर तो लोकांना जास्त आवडला. सुमार माणसाच्या हातून सांडली तर आणखी नावडता झाला. टॉवेल पाणीच टिपत नसेल तर प्रामाणिकपणाने तो विकला जाणार नाही.

सांगायचं काय, हे ठरवताना दोषाचं मूळ बघा. सुती कापड आटतं, नव्या टॉवेलमधून पहिली काही धुणी कापूस सुटतो, लूप, म्हणजे टॉवेलवरचा धाग्याचा फास, कशात तरी अडकून ओढला जातो. हे कापडाचे गुण आहेत, बेधडक लिहा. (लूप ओढू नये, कात्रीने कापावा, टॉवेल उसवत नाही. हे माहीत नसल्यामुळे चांगले टॉवेल परत येतात.) रंग सुटण्याचं मात्र तसं नाही. रिॲक्टिव्ह रंगाचा, म्हणजे सुती धाग्याशी रासायनिक जोड होऊन पक्का बसणाऱ्या रंगाचा, काही भाग धाग्याशी न जुळता पाण्याशी जुळतो. तो 90 अंशांच्या आसपास साबणाच्या पाण्यात धुऊन काढावा लागतो. पाणी जड असेल किंवा ही धुलाई आटोपती घेतली, तर तो गिऱ्हाइकाच्या बादलीत उतरतो. गडद लाल-काळ्यात हलकासा रंग सुटत असेल तर सांगा. आकाशी टॉवेल बादली रंगवत असेल तर सांगत बसू नका, लॉट परत धुवा. मीठ टाकल्याने रंग पक्का होतो असंही छापू नका, तो रंग मिठाने बसत नाही.

लिहिण्याआधी मोजा. कापडावर 50 सेंटिमीटरचा चौकोन आखून तीनदा धुवा, वाळवा. 47 भरला तर आटणं 6 टक्के. पांढरा ओला सुती रुमाल टॉवेलवर 10 वेळा घासा आणि जो डाग पडेल त्याचा फोटो ठेवा. वजनही तपासा: 30 बाय 60 इंची टॉवेल 450 जीएसएमचा (चौरस मीटरला 450 ग्रॅम) म्हणवत असाल तर तो साधारण 520 ग्रॅम भरायला हवा. ही चाचणी दर लॉटला हवी, कारण रंगाची बॅच बदलली की मागचा आकडा खोटा पडतो, आणि छापलेला खोटा आकडा गप्प बसण्यापेक्षा महाग जातो.

मजकूर किमतीच्या शेजारी टाका, परताव्याच्या नियमांच्या तळाशी नको: ‘गडद लाल. पहिली तीन धुणी वेगळी, थंड पाण्यात. लांबी सुमारे 6 टक्के आटते. पांढऱ्या कपड्यांसोबत धुवायचा असेल तर आमचाच पांढरा किंवा आकाशी घ्या.’