मेंढ्यांच्या गोठ्यासाठी प्लास्टिकची जाळीदार फरशी, कोकणात घ्याच

आमच्याकडे राजापुरात पावसाळ्यात चार महिने जमीन ओलीच, आणि दख्खनी मेंढी म्हणजे घाटावरच्या कोरड्या हवेतलं जनावर, मग खूर सडणार नाहीत तर काय होणार. ही फरशी दोन-अडीच फूट उंचावर बसवली तर लेंड्या-मूत सगळं खाली जातं, वर कोरडं राहतं, लंगडणं खरंच खूप कमी झालं. लाकडी फळ्यांसारखी कुजत पण नाही, पाइपने धुतली की झालं. खालच्या लेंड्या मात्र वेळच्या वेळी काढा, नाहीतर अमोनियाचा उग्र वास कोंडतो. कुत्र्याला यावर झोपवू नका, नखं अडकतात, आमचा वाघ्या दाराशी गोणपाटावरच असतो, बिबट्याची चाहूल आधी त्यालाच लागते. कोकरं असतील तर बारीक भोकांचीच मागा.