स्वच्छची दारावरची कचरा सेवा, कोथरूड: सहा वर्षांचा अनुभव

आम्ही पुण्यात कोथरूडला चौथ्या मजल्यावर राहतो, बिल्डिंगला लिफ्ट नाही. तरी रोज सकाळी साडेआठच्या सुमारास कचरा न्यायला येणाऱ्या स्वच्छच्या ताईंची बेल वाजतेच, ओल्याची बादली वेगळी, सुक्याची गोणी वेगळी. सहा वर्षांत खाडे अगदी मोजके, ते पण आधी सांगून आणि बदली बाई पाठवून.

बऱ्याच जणांना वाटतं की ही महापालिकेची माणसं आहेत, पगार मिळत असेल. तसं नाहीये. स्वच्छ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे. १९९३ ला कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली, त्यातूनच पुढे २००८ मध्ये महापालिकेशी करार होऊन हे दारोदारचं काम सुरू झालं. तीन हजारांवर सभासद, बहुतेक बायका, पूर्वी कचराकुंडीत हात घालून वेचणाऱ्या. कमाई म्हणजे आपण देतो ती महिन्याची फी आणि सुक्यातून निघेल ते भंगार. म्हणून फीवरून घासाघीस करणारे लोक बघितले की मला खरंच राग येतो.

एकदा जिन्यात थांबून त्यांचं काम बघितलं. गोणी उपडी केली, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, शाम्पूच्या बाटल्या, झाकणं पाच मिनिटांत सगळं वेगळं, कुठलं प्लास्टिक विकलं जाणार ते नुसतं चुरगाळून आवाजावरून सांगतात! मला म्हणाल्या, "दादा, पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका, तो तुकडा मग कुठंच सापडत नाही. आणि धुऊन दिली तर भाव येतो." तेव्हापासून आमच्या घरी पिशव्या धुऊन वाळत घालतो.

मागच्या पावसाळ्यात आमच्याच विंगमधून कुणीतरी फुटलेला ग्लास तसाच पिशवीत टाकला, ताईंचा तळहात चांगला कापला आणि तरी दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून त्या आल्या. मला फार लाज वाटली. आता आम्ही काच जाड कागदात गुंडाळून वर लिहून देतो, आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका, म्हणजे उघडून बघायची वेळच येत नाही.

जुने कपडे, गाद्या, बिघडलेला मिक्सर असलं काही असेल तर स्वच्छचीच व्ही कलेक्ट नावाची जुन्या वस्तू गोळा करणारी सेवा आहे, तिकडे द्या, प्लीज ताईंच्या गोणीत कोंबू नका, चार मजले उतरायचे असतात त्यांना.