आधी काय बघू, शीळकरी कस्तूर की खोकड?

चार दिवस रजा आहे, आता गोव्यातच थांबून कस्तूर बघू की घाट चढून खोकडाच्या (कोल्ह्याच्या कुळातला छोटा प्राणी, इंग्रजीत इंडियन फॉक्स) मागे जाऊ असं ज्याचं चाललंय त्याच्यासाठी लिहितोय. माझं मत आधीच सांगतो, पावसाळा असेल तर कस्तूर, डोळे झाकून.

कस्तूर म्हणजे आपल्या दारातला पक्षी. चोर्ला घाट, तांबडी सुर्ला, बोंडला, जिथं व्हाळ (ओढा) नि गर्द सावली तिथं तो असतोच. तांबडं फुटायच्या आधीच त्याची शीळ सुरू होते, एखादा पोरगा स्वतःच्याच नादात शीळ घालत वाटेनं चाललाय अशी, सूर मध्येच सुटतो, पुन्हा धरतो. लांबून नुसता काळा दिसतो पण उजेड पडला की कपाळ नि खांदा असा निळा चमकतो की बघतच राहावं. गेल्या जुलैत व्हाळातल्या दगडावर एकानं कुर्ली (खेकडा) धरली, आपटून आपटून तिचे पाय मोडले नि मग खाल्ली, मी दहा हातांवर छत्री धरून उभा, पावसाचं भानच राहिलं नाही. फक्त मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका प्लीज, ते दिवस विणीचे असतात, घरटं सोडून तो भांडायला येतो.

खोकडाचं तसं नाही. आपल्याकडे रात्री कोल्हेकुई ऐकू येते तो कोल्हा, खोकड त्याच्याहून खूपच लहान, 2 ते 3.5 किलोचा, झुपकेदार शेपटीचं टोक काळं. त्याला आपलं जंगल नको, उघडं माळरान लागतं, म्हणजे इंदापूरकडची कडबनवाडी नायतर सोलापूरजवळचं नान्नज, गोव्यातून जाण्यायेण्यातच दोन दिवस गेले समजा. दिवसा बहुतेक बिळात, त्यामुळे हाताशी फक्त सकाळ-संध्याकाळचा तासभर. पण दिसला की काय दिसतो! गवतात कान टवकारून उभा, उंदराची खसफस नेमकी कुठून येते ते ऐकत, आणि मग एकदम चारही पाय उचलून उडी.

मार्च-एप्रिलात रजा असेल नि प्रवासाची तयारी असेल तर खोकडाकडेच जा, पिल्लं बिळाच्या तोंडाशी खेळत असतात. गाडीतूनच, लांबून बघा. फार जवळ गेलात तर आई पिल्लं उचलून दुसऱ्या बिळात नेते, आणि माळावर भटकी कुत्री टपलेलीच असतात.