ब्रिस्टलच्या ‘ओल्ड ड्यूक’मधील जॅझची दुपार

इंग्लंडमधील ब्रिस्टल शहराच्या फरसबंद किंग स्ट्रीटवर, १७६६ साली सुरू झालेल्या थिएटर रॉयलपासून थोड्याच अंतरावर, ‘द ओल्ड ड्यूक’ हा पब आहे. त्याच्या पाटीवरचे ड्यूक म्हणजे कोणी सरदार-उमराव नसून अमेरिकी जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन आहेत, आणि आतल्या भिंती जॅझच्या जुन्या पोस्टरांनी भरलेल्या आहेत. एका रविवारी दुपारी मी येथे पारंपरिक जॅझ ऐकले.

वादक सहा होते: ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन, बँजो, डबल बेस आणि ड्रम. आपल्या मैफलीत मुख्य कलाकार एक असतो आणि बाकीचे त्याला साथ करतात. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराच्या या जुन्या शैलीत मात्र पुढचे तिघे एकाच वेळी, जागेवर सुचेल तसे वाजवत असतात. ट्रम्पेटवादक मूळ चाल धरून ठेवतो, क्लॅरिनेटवादक तिच्यावरून नक्षी काढत जातो आणि ट्रॉम्बोनवादक खालून लांब, घसरत्या सुरांनी दोघांना बांधून घेतो. हे सारे मी ध्वनिमुद्रणांतून अनेकदा ऐकले होते, पण कोण कोणाला उत्तर देतो आहे आणि कोण मुद्दाम थांबून दुसऱ्याला वाट करून देतो आहे, हे चार हातांवर बसल्यावरच उमगले. वाद्यांपुढे माइक नव्हते आणि त्या लहानशा खोलीत त्यांची गरजही नव्हती.

डब्ल्यू. सी. हँडी यांच्या १९१४ सालच्या ‘सेंट लुईस ब्लूज’ या गाण्यात हबानेरा या क्यूबन नृत्याच्या लयीचा एक भाग आहे. तो येताच बँजो मागे सरला, ड्रमवरचे आघात दबके झाले आणि क्लॅरिनेट खालच्या सप्तकात उतरले. तो भरदार, किंचित थरथरता सूर ऐकताना क्लॅरिनेटवादक ॲकर बिल्क यांची आठवण होणे साहजिक होते. ज्यांचे क्लॅरिनेट १९६२ साली अमेरिकेच्या लोकप्रियता यादीत अग्रस्थानी पोहोचले, ते बिल्क ब्रिस्टलजवळच्याच पेन्सफर्ड गावचे. मुंबईत वाढलेल्या माझ्या कानांना हा नाद परका वाटला नाही, कारण गोव्याच्या चिक चॉकलेट यांचे ट्रम्पेट सी. रामचंद्र यांच्या गाण्यांतून आमच्या घरी फार पूर्वीच आले होते.

उत्तरार्धात एक जुने भक्तिगीत न्यू ऑर्लिन्सच्या अंत्ययात्रेच्या रीतीने सादर झाले, म्हणजे दफनभूमीकडे जाताना संथ आणि परतताना द्रुत. संथ भाग मला लवकर आटोपल्यासारखा वाटला. शोक पुरता मुरू दिला असता, तर नंतरचा उल्हास अधिक खोल पोहोचला असता. तरीही ड्रमच्या एका कडकडाटासरशी लय पालटली तेव्हा शेजारच्या मेजावरील वृद्ध दांपत्य उठून, खुर्च्यांमधल्या हातभर जागेत नाचू लागले, आणि त्या वेळी माझे डोळे भरून आले.

जाणाऱ्यांनी कार्यक्रमाची वेळ आधी पाहून घ्यावी आणि अर्धा तास लवकर पोहोचून वादकांजवळची जागा धरावी. एक ग्लास सायडर, म्हणजे सफरचंदाचे मद्य, दुपारभर पुरते. त्या दिवशी प्रवेश विनामूल्य होता व मध्यंतरात पैशांसाठी एक भांडे फिरले. मी त्यात दहा पौंड टाकले, आणि निघताना पुन्हा वादकांपाशी जाऊन आणखी दहा ठेवले.