समुद्रतळाच्या बेसॉल्टमधलं पाणी: रासायनिक आकडे की इन्फ्रारेड स्पेक्ट्रम?

समुद्रतळावरच्या जुन्या, बदललेल्या बेसॉल्टमध्ये खनिजांत किती पाणी बांधलं गेलंय याचा अंदाज मशीन लर्निंगने काढायचा, तर सध्या दोन वाटा दिसतात. पहिल्या वाटेने खडकाचं रासायनिक पृथक्करण रँडम फॉरेस्टला, म्हणजे अनेक निर्णयवृक्षांची सरासरी काढणाऱ्या मॉडेलला, द्यायचं. जोडीला जहाजावर घेतलेली नैसर्गिक गॅमा (खडकाचा स्वतःचा किरणोत्सार) आणि चुंबकीय ग्रहणशीलतेची (खडक किती चुंबकत्व धरतो त्याची) मापनं मिळाली तर तीही. दुसऱ्या वाटेने नमुन्याचा निअर-इन्फ्रारेड स्पेक्ट्रम (कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती परत येतो त्याचा आलेख) घ्यायचा आणि त्यावर पीएलएस (पार्शल लीस्ट स्क्वेअर्स) रिग्रेशन चालवायचं. मी दोन्हींवर काम केलंय. प्रबंधाचा विषय ठरवताना अडलेल्यांसाठी हे लिहितोय.

लाव्हा झटकन थिजून झालेल्या ताज्या काचेचा प्रश्न इथे घेत नाही. मध्यसागरी पर्वतरांगेवरच्या साध्या बेसॉल्टच्या काचेत पाणी बहुधा ०.१ ते ०.३ टक्क्यांच्या आसपास असतं आणि ते इन्फ्रारेडने थेट मोजता येतं. तिथे मॉडेलची गरजच काय? खरी अडचण त्यानंतरच्या काळातली. समुद्राचं पाणी लाखो वर्षं भेगांतून फिरतं, ऑलिव्हिन हे खनिज आणि काच यांच्या जागी चिकणखनिजं येतात, आणि ड्रिलने काढलेल्या खडकाच्या दंडगोलात, म्हणजे कोअरमध्ये, एकाच मीटरात अर्धा टक्का पाणीही सापडतं आणि पाच टक्केही. हाच खडक पुढे सबडक्शनमध्ये, म्हणजे एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकताना, खाली जातो, म्हणून किती पाणी पृथ्वीच्या पोटात चाललंय याचा हिशेब या आकड्यावर उभा आहे.

दोन्ही वाटांना एक दुखणं सारखंच आहे, ते आधी सांगतो. मॉडेलला ‘खरं उत्तर’ म्हणून बहुतेक जण लॉस ऑन इग्निशनचा (एलओआय), म्हणजे भाजल्यावर घटलेल्या वजनाचा, आकडा देतात, कारण जुन्या तक्त्यांत तोच असतो. पण हजार अंशांवर भाजताना फक्त पाणी जात नाही. १०० ग्रॅम खडकात १० ग्रॅम फेरस ऑक्साइड असेल, तर ते पूर्ण ऑक्सिडाइझ होताना हवेतला सुमारे १.१ ग्रॅम ऑक्सिजन घेतं, म्हणजे वजन उलट वाढतं. ताज्या बेसॉल्टचा एलओआय ऋण येतो तो यामुळेच. उलट शिरेत २ ग्रॅम कॅल्साइट असलं तर जवळपास ०.९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि तो पाणी म्हणून मोजला जातो. जिथे आपल्याला दोन-तीन टक्क्यांचा आकडा शोधायचाय, तिथे ही गडबड फार मोठी आहे. त्यामुळे वाट कुठलीही घ्या, निदान काही नमुन्यांचं पाणी कार्ल फिशर टायट्रेशनने, म्हणजे फक्त पाणीच मोजणाऱ्या रासायनिक पद्धतीने, मोजून घ्या.

आता रँडम फॉरेस्ट. त्याची बाजू भक्कम आहे. खोल समुद्रातलं शास्त्रीय ड्रिलिंग १९६८ पासून चालू आहे आणि त्या मोहिमांचे पृथक्करणाचे तक्ते कुणालाही वापरता येतात. नवा नमुना लागत नाही, प्रयोगशाळेत रांग लावावी लागत नाही. लॅपटॉपवर एका दुपारी मॉडेल उभं राहतं आणि मूलद्रव्यांमधले वाकडेतिकडे संबंधही ते पकडतं. नमुने सरसकट मिसळून चाचणी घेतली तर निकाल बघून मन प्रसन्न होतं.

पण एक आख्खं ड्रिल होल बाजूला ठेवून, उरलेल्यांवर शिकवून, त्या होलवर चालवून बघा. माझा निर्णय तिथेच झाला.

कारण पोटॅशियम. वरच्या थरांत, जिथे ऑक्सिजनवालं समुद्राचं पाणी मोकळं खेळतं, तिथे सेलाडोनाइट हे पोटॅशियमवालं चिकणखनिज तयार होतं आणि पोटॅशियम वाढतं. अशा होलवर शिकलेलं फॉरेस्ट मनाशी पक्कं करून टाकतं: पोटॅशियम जास्त म्हणजे पाणी जास्त. त्या होलपुरतं ते खरंच असतं. खाली, जिथे पाण्याचा वावर आखडतो, तिथे मात्र सॅपोनाइट हे मॅग्नेशियमचं चिकणखनिज येतं. त्यात पाणी भरपूर, पोटॅशियम जेमतेम. मॉडेल अशा खडकाला बिनधास्त ‘कोरडा’ म्हणतं. पूर्व प्रशांत महासागरात कोस्टा रिका रिफ्टच्या दक्षिणेला असलेल्या ५०४बी या २,१११ मीटर खोल होलमध्ये हे दोन्ही पट्टे एकाखाली एक आहेत. पश्चिम अटलांटिकमधल्या ४१७ए मध्ये प्रकार आणखी गुंतागुंतीचा आहे. तिथे प्लॅजिओक्लेज या मूळच्या फेल्डस्पारच्या जागी पोटॅशियम फेल्डस्पार आलंय, म्हणजे पोटॅशियम आहे आणि त्या खनिजात पाणी नाही.

यावर उपाय करून पाहिले. पोटॅशियम काढून टाकलं, गुणोत्तरं दिली, खोली दिली. एका होलवर बरं व्हायचं, दुसऱ्यावर बिघडायचं. त्यात फॉरेस्टची मूळ मर्यादा: ते शिकलेल्या नमुन्यांची सरासरी काढतं, त्यामुळे ट्रेनिंगमधल्या सर्वाधिक आकड्याच्या वर कधीच जात नाही. पॅलागोनाइटने (पाणी शोषून बदललेल्या काचेने) भरलेला ब्रेशिया, म्हणजे तुकड्यातुकड्यांचा खडक, समोर आला, की अंदाज ठरावीक ठिकाणी येऊन अडतो. माझ्यापेक्षा मोठा, निरनिराळ्या वयाच्या कवचातला डेटा असेल तर हा त्रास कमी होत असेलही. पण मला एका होलचं शहाणपण दुसऱ्या होलमध्ये नेता आलं नाही, आणि काम तर नेमकं तेच होतं.

स्पेक्ट्रमचं तसं नाही. ज्या तरंगलांबीचा प्रकाश शोषला जातो तिथे आलेखात खाच पडते: १,४०० नॅनोमीटरजवळ हायड्रॉक्सिलची (खनिजात बांधलेल्या ओएच गटाची) खाच, १,९०० जवळ पाण्याच्या रेणूची, २,३०० जवळ मॅग्नेशियम किंवा लोहाला चिकटलेल्या हायड्रॉक्सिलची. इथे पाण्याचीच खूण बघतो आपण, पोटॅशियमच्या आडून केलेला तर्क नव्हे. पीएलएसचे गुणांक काढून आलेखावर मांडले की ते या खाचांवरच उभे दिसतात. भलतीकडे उभे असतील तर काहीतरी चुकतंय हे लगेच कळतं. होल बदलल्यावर माझ्याकडे अचूकता घटली, पण अंदाज कोसळला नाही.

त्रास इथेही आहे, आणि गोव्यात जुलै महिन्यात काम करणाऱ्याला तो चांगलाच माहीत असतो. स्मेक्टाइट गटातली चिकणखनिजं हवेतली वाफ ओढतात. ओव्हनमधून काढलेली पावडर टेबलावर उघडी ठेवली, चहा पिऊन आलो, पुन्हा स्कॅन केली, तर १,९०० ची खाच स्पष्ट खोल झालेली. खडक तोच, पाणी वेगळं. पण या त्रासाला औषध आहे: सगळे नमुने एकाच तापमानाला, ११० अंशांवर, रात्रभर सुकवायचे, सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये गार करायचे, झाकण काढल्याबरोबर स्कॅन करायचा आणि टायट्रेशनसाठीही तीच सुकवलेली पावडर द्यायची. अशाने थरांमधलं सैल पाणी वगळलं जातं, तेव्हा आपण नेमकं कुठलं पाणी मोजतोय हे प्रबंधात पहिल्याच प्रकरणात लिहून ठेवा. पोटॅशियमच्या दुखण्याला असं एकही औषध मला सापडलं नाही.

आणखी दोन गोष्टी. कॅल्साइटची खाच २,३४० च्या आसपास येते आणि २,३०० च्या खाचेत मिसळते, म्हणून शिरा टाळून पावडर करा. शिवाय काळ्या, बारीक मॅग्नेटाइटने भरलेल्या ताज्या बेसॉल्टमध्ये सगळ्याच खाचा उथळ होतात. एक टक्क्याखालच्या पाण्यासाठी मला फॉरेस्ट थोडं सरस वाटलं. दोन्ही डेटा जोडून एकच मॉडेल करायचा मोह होतो. मीही केलं. बहुतेक वेळा पोटॅशियम पुन्हा डोकं वर काढतं.

तेव्हा हातात फक्त जुने तक्ते असतील तर फॉरेस्टच घ्या, चाचणी मात्र होलनिहाय घ्या आणि निकाल तसाच छापा. नमुना मिळण्याची जराही शक्यता असेल तर मी स्पेक्ट्रमकडे जाईन. आयओडीपी या आंतरराष्ट्रीय समुद्रतळ ड्रिलिंग कार्यक्रमाच्या २०१५ मधल्या ३५५ व्या मोहिमेत अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात, यू१४५७ या ठिकाणी, ड्रिल बेसॉल्टपर्यंत पोचलं होतं. हिंदी महासागरातले कोअर जपानमधल्या कोचीच्या भांडारात ठेवतात आणि संशोधनासाठी नमुन्याची विनंती करता येते. खोल समुद्रातला बेसॉल्ट मुळात हाती थोडा येतो. स्कॅनने त्यातला कणही खर्च होत नाही. तीच पावडर नंतर दुसऱ्या कुणाला समस्थानिकांच्या मापनासाठी देता येते.

टायट्रेशनचे पैसे मोजकेच असतील, तर आधी सगळ्या नमुन्यांचे स्पेक्ट्रम घ्या. मग एकमेकांपासून सर्वांत वेगळे दिसणारे निवडून तेवढेच टायट्रेशनला पाठवा, आणि त्यात दोन तरी सॅपोनाइटवाले असतील असं बघा.