बिओंदी-सांतीची ब्रुनेल्लो: साधी घ्यावी की रिझेर्वा?

इटलीच्या तोस्काना प्रांतातल्या मोंताल्चिनो गावाजवळच्या टेकडीवर ग्रेप्पो ही बिओंदी-सांती वाइनच्या द्राक्षमळ्याची वास्तू आहे. फेर्रुच्चो बिओंदी-सांतीने इथेच, इतर द्राक्षं न मिसळता, फक्त सांजोवेझे या लाल द्राक्षाची वाइन मुरवली; तीच ब्रुनेल्लो. 1888 ची रिझेर्वा, म्हणजे उत्तम हंगामाची, जास्त मुरवलेली ब्रुनेल्लो, त्याचीच.

दोन्ही बाटल्यांत द्राक्ष तेच. फरक वेलींच्या वयात. परंपरेने रिझेर्वासाठी पंचवीस वर्षांपुढच्या वेली, तीही फक्त उत्तम हंगामात. नियमाने दोन्ही लाकडी पिंपांत किमान 2 वर्षं राहतात. साधी ब्रुनेल्लो सुगीनंतरच्या पाचव्या वर्षापासून बाजारात येऊ शकते, रिझेर्वा सहाव्यापासून.

चूक होते ती घाईमुळे. कोवळी रिझेर्वा उघडली तर आंबटपणा आणि तुरटपणाच जिभेवर येतो, हिरड्या आवळून येतात, आणि लोक वाइनलाच नावं ठेवतात. ती वीस वर्षं ठेवायची तयारी नसेल तर साधीच घ्या. तीही दहाएक वर्षांनी खुलते.

जुनी बाटली आदल्या दिवशी उभी करा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. बूच काही तास आधी काढून खांद्यापर्यंतची थोडी वाइन ओतून घ्या. दुसऱ्या भांड्यात पालटू नका, नाजूक वास उडतो. 18 अंशांना वाढा.